पलटनबाबांची पेन्शन

आमच्या घरात दर दिवाळीला एक जुना दावा निघत असे. भिंती सारवून झाल्या, सांदुकीतले कपडे उन्हात पडले, की त्या कपड्यांच्या तळाशी असलेला एक खाकी कोट बाहेर येई आणि तो पाहून माझी पणजी म्हणे, "सरकारनं माह्यी पेन्सन खाल्ली." मग ती दिवसभर कोणाशी बोलत नसे. पणजी १९९८ साली वारली. दावा मात्र वारला नाही. तो तिच्या सुनेने, म्हणजे माझ्या आजीने, कोटाबरोबरच वारसाने घेतला.

नागभीडजवळचे आमचे गाव अगदी लहान. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला मालगुजारी तलाव आणि त्यापलीकडे जंगल. अशा गावातून माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले आणि परत आले. गाव त्यांना 'पलटनबाबा' म्हणे. ते १९६१ साली गेले. मी त्यांना पाहिले नाही. त्यांच्याविषयी घरात तीन गोष्टी सांगत. पहिली, ते कामठीला भरती झाले. दुसरी, ते ब्रह्मदेशात लढले आणि मग बसऱ्याकडे गेले. तिसरी, त्यांना सरकारची पेन्शन होती, आणि ते गेल्यावर ती पणजीला मिळायला हवी होती. पण ती खजिन्यात गेली तेव्हा तिथल्या एका बाबूने तिला हात हलवीत परत लावले.

पहिल्या गोष्टीवर गावाचा विश्वास होता. दुसरीतल्या बसऱ्यावर गाव हसत असे. "ब्रह्मदेश ठीक आहे, पण बसरा काहून?" असे म्हातारे विचारीत. ब्रह्मदेश पूर्वेला, बसरा पश्चिमेला. एकच माणूस दोन्हीकडे कसा जाईल? तिसऱ्या गोष्टीविषयी मात्र कोणाच्याच मनात शंका नव्हती. सरकारने गरिबाचे पैसे खाल्ले, यावर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आजी मला म्हणाली, "बापू, तू शिकला-सवरला. तुह्या हातून हे होत असन तर पाहून घे. खरं काय ते मले मरायच्या आधी समजलं पाहिजे." तेव्हापासून मी या शोधाला लागलो. ज्यांच्या घरात असाच एखादा कोट असेल, त्यांना त्या शोधाची हकीकत उपयोगी पडेल म्हणून ती लिहितो आहे.

नंबर काय?

सुरुवात मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून केली. असे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि माजी सैनिकांची व त्यांच्या विधवांची नोंद तेथे असते. तिथल्या गृहस्थांनी माझे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "नंबर काय?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "नाव नको, नंबर सांगा. एका नावाचे शंभर शिपाई असतात. नंबर एकाचाच असतो."

लष्करी कागदांच्या शोधातले हे पहिले आणि शेवटचे सूत्र आहे. शिपायाची कागदपत्रे त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहतात. महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला. तिथे नंबर, हुद्दा आणि पलटण कळवली तर नोंद सापडते. नुसते 'आमचे आजोबा फौजेत होते' एवढ्यावर कोणी काही शोधू शकत नाही.

नंबर असतो कुठे? शिपायाला सुटताना मिळालेल्या डिस्चार्जच्या कागदावर तो असतो. आमच्याकडे तो कागद होता म्हणे. पण त्याला उधई लागली. पहिल्या महायुद्धाचे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरावी. १९१४ ते १९१८ च्या युद्धपदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. शिपायांना ते पदक चांदीचे मिळे. हमाल, भिस्ती वगैरे बाजारबुणग्यांना तेच पदक काशाचे मिळे. म्हणजे पदकाच्या धातूवरूनही पूर्वजाचे काम कळते. आमच्या सांदुकीत होता तो सहा टोकांचा तारा, मध्ये मुकुट आणि सहाव्या जॉर्ज बादशहाची अक्षरे. हा बर्मा स्टार. त्याची मागची बाजू कोरी होती. शिवाय हा तारा ब्रह्मदेशातल्या लढाईबरोबरच आसाम व बंगालच्या ठराविक भागांतील सेवेसाठीही दिला गेला होता. तेव्हा तो पाहून पणजोबा पूर्वेच्या आघाडीवर होते एवढे ठरले. त्यापुढे काही नाही.

एका माणसाची तीन नावे

नंबर मिळेना, तेव्हा मी निदान नाव तरी पक्के करावे म्हणून तहसिलीच्या अभिलेख कक्षात गेलो. मध्य प्रांताच्या काळात गावचा कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद एका पुस्तकात करवून ते ठाण्यावर नेत असे. हेच 'कोतवाल बुक'. जातीच्या दाखल्यासाठी खटपट केलेल्या आमच्या भागातल्या प्रत्येक घराला हे नाव ठाऊक आहे. आमच्या गावी ते पुस्तक नेणारा कोतवाल आमच्याच वस्तीतला असे. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, त्यांनी काखेत मारून नेलेल्या पुस्तकातून आज त्यांचीच नातवंडे आपला पत्ता शोधीत आहेत!

त्या पुस्तकात पणजोबांचा जन्म मिळाला. पण आम्ही घरात म्हणतो ते नाव तिथे नव्हते. लहानपणचे लाडाचे नाव होते, त्यापुढे बापाचे नाव, आणि आडनावाच्या जागी जात. पुढे लष्करी कागदात मला त्यांचे तिसरेच रूप पाहायला मिळाले. भरती करणाऱ्या कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरवले होते. 'ठ' चा 'त' झाला होता आणि आडनावाचे एक अक्षर गळाले होते. नावांची ही गफलत जुनीच आहे. कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे पाहा. त्यांच्या शेवटी 'नाक' लागते. आज त्यांचे वंशज त्या नावाने स्वतःला ओळखणार नाहीत.

गावाच्या पत्त्याचीही तीच तऱ्हा. आज चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे आहेत. पण गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी सारा मुलूख एकाच चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली तहसील १९०५ साली तयार झाली. त्यापूर्वीच्या कागदांत तिकडची गावे ब्रह्मपुरी किंवा चांदा तहसिलीत शोधावी लागतात. आमचे नागभीडही तेव्हा ब्रह्मपुरी तहसिलीत मोडत असे. शिपायाच्या नोंदीत गाव, डाकघर, ठाणे, तहसील आणि जिल्हा अशी उतरंड असते. आरमोरी-वडसा भागातला माणूस जर 'जिल्हा गडचिरोली' म्हणून १९४१ चा पूर्वज शोधू लागला, तर त्याला तो जन्मात सापडायचा नाही.

मेलेल्यांचा शोध सोपा

या काळात एका मित्राने मला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची दाखवली. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने दोन्ही महायुद्धांत पडलेल्यांची नोंद ठेवली आहे आणि ती आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. ब्रह्मदेशात ज्यांची समाधीही नाही अशा सुमारे २७ हजारांची नावे रंगूनजवळ तौक्यान येथील स्मारकावर आहेत. मी तासन् तास ती नावे पाहत बसलो. पणजोबांचे नाव तिथे नसणार हे ठाऊक होते. ते तर घरी परतले होते. तेव्हा ध्यानात आले, की युद्धात मेलेल्याचा माग काढणे सोपे, जगून परत आलेल्याचा कठीण. मेलेल्याच्या नावाचा दगड उभा राहतो. जगलेल्याचा उरतो तो फक्त पगाराचा आणि पेन्शनचा कागद.

अर्थात मेलेल्यांनाही सर्वांना सारखा न्याय मिळाला असे नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये पडलेल्यांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांची तेवढी नावे, बाकीच्यांचा पलटणवार नुसता आकडा. ही विषमता झाल्याची कबुली त्या आयोगाने २०२१ साली दिली. पंजाबचे लोक एका बाबतीत भाग्यवान. पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या सुमारे ३ लाख २० हजार माणसांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात टिकून राहिली. आपल्याकडच्या कित्येक गावांत एक संगमरवरी पाटी तेवढी आहे: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. संख्या आहे, नावे नाहीत.

पलटणीचे दार

पणजोबा १९४१ मध्येच का भरती झाले, दोन-चार वर्षे आधी का नाही, हे मला या शोधातच नीट कळले. त्याआधी त्यांना कोणी घेतलेच नसते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. सुभेदार रामजी सकपाळांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पेन्शनीच्या आधारावर घर चालले आणि बाबासाहेब शिकले. पण १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' असा भेद करून सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली हे दार उघडण्यासाठी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडलीही.

मग दुसरे महायुद्ध आले. आरंभी सुमारे २ लाखांची असलेली हिंदी फौज युद्ध संपेपर्यंत २५ लाखांच्या घरात गेली. डॉ. आंबेडकरांनी महार रेजिमेंटची मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला ती स्थापन झाली. तिची दुसरी पलटण त्याच महिन्यात उभी राहिली ती आपल्या कामठीला. आमच्या भागातल्या तरुणाला हे दार पहिल्यांदाच इतके जवळ उघडले. नागभीडला नागपूरची छोटी गाडी मिळे. भिवापूर, उमरेड करीत ती नागपूरला जाई आणि पुढे कामठी काही कोसांवर. ती छोटी गाडी २०१९ मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली. पणजोबा त्याच गाडीने गेले असणार, असे मला ती बंद झाल्यावर वाटू लागले.

आणि बसरा? रेजिमेंटचा इतिहास वाचताना त्याचाही उलगडा झाला. दुसरी महार पलटण ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती, आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली तिला इराकमध्ये पाठवले होते! गाव सत्तर वर्षे एका खरे बोलणाऱ्या माणसाला हसत होते. पण ते त्याच पलटणीत होते हे सिद्ध कसे करायचे? पुन्हा प्रश्न आला: नंबर काय?

तसबिरीमागचे कागद

नंबर घरातच होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या सोहळ्याला पणजोबा हाच खाकी कोट घालून गेले होते. पुढे त्यांनी आणलेली बाबासाहेबांची तसबीर तेव्हापासून आमच्या छपरीत आहे. घराला रंग द्यायचा म्हणून दिवाळीच्या आधी ती खाली उतरवली. मागचा पुठ्ठा ओलाव्याने फुगला होता. तो काढला तर आतून पिवळ्या कागदांची एक चळत पडली, सुताने बांधलेली.

ती मनिऑर्डरची कुपने होती. पैसे हाती दिल्यावर डाकवाला जो तुकडा घेणाऱ्याजवळ ठेवतो, तो. १९४२ ते १९४६ पर्यंतची. मधली कित्येक गहाळ होती. बहुतेकांवर रक्कम दहा रुपये. आणि प्रत्येकावर रोमन अक्षरांत एक नंबर, एक नाव आणि पलटण: दुसरी महार.

आजी म्हणाली, "हेच ते पेन्सनचे कागद. सासूबाईंनी जिवापाड जपले होते."

मी काही बोललो नाही. नंबर उतरवून घेतला, वारस असल्याचे कागद जोडले आणि सागरला अर्ज धाडला. बऱ्याच महिन्यांनी एक पानाचे उत्तर आले. निवृत्तिवेतन नसलेल्या शिपायाची पूर्ण सेवापुस्तिका २५ वर्षांनंतर नष्ट केली जाते. कायम राहते ती 'लाँग रोल' या मोठ्या वहीतली एका ओळीची नोंद. त्या ओळीत गाव होते, डाकघर नागभीड, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा. भरती १९४१. सेवामुक्ती १९४६ च्या अखेरीस, कारण फौजेतली कपात. निवृत्तिवेतन: नाही.

तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. शिपायाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. युद्धासाठी घेतलेल्या लाखो माणसांना युद्ध संपताच थोडी रक्कम हातावर ठेवून घरी पाठवले. पणजोबा त्यांतले एक. मग महिन्याचे दहा रुपये कसले? उत्तर कुपनांच्या तारखांत होते. ती सारी सेवाकाळातली होती. सुटका झाल्यानंतरचे एकही नव्हते. शिपाई भरती होताना आपल्या पगारातला ठराविक भाग घरी पाठवावा असे लिहून देई, आणि लष्कराचे हिशेब खाते तेवढी रक्कम कापून परस्पर त्याच्या घरी मनिऑर्डरने धाडी. याला 'फॅमिली अलॉटमेंट' म्हणत. वीस-बावीस वर्षांच्या, अक्षर न येणाऱ्या पणजीला डाकवाल्याने कधीतरी 'सरकारचा पैसा आला' म्हणून सांगितले असेल. सरकारकडून दरमहा येतो तो पैसा म्हणजे पेन्शन, असे तिने मानले. १९४६ मध्ये तो बंद झाला. नवरा घरी आला होता, म्हणून तेव्हा तिने विचारले नाही. १९६१ मध्ये नवरा गेला, पोरे लहान होती. तेव्हा ती कुपने घेऊन खजिन्यात गेली.

म्हणजे खजिन्यातला तो बाबू, ज्याला आमच्या घराने तीन पिढ्या शिव्या घातल्या, तो बरोबर सांगत होता. फक्त त्याने तिला नीट समजावले नाही, की तिला समजले नाही, हे आता कळायला मार्ग नाही.

हक्क होता, तो दुसराच

हे इथे संपले असते तर मी आजीला हसत सांगू शकलो असतो. पण ते उत्तर घेऊन मी पुन्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तेव्हा मघाच्याच गृहस्थांनी विचारले, "तुमची पणजी गेली कधी?"

"१९९८ साली."

ते जरा थांबून म्हणाले, "मग अर्ज करायला हवा होता हो."

दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना निवृत्तिवेतन नाही, त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाकडून दरमहा मदत मिळते. त्यासाठी नवऱ्याच्या सेवेचा पुरावा लागतो. पुरावा आमच्या तसबिरीच्या पुठ्ठ्यामागे होता. पणजी म्हातारपणी निंदणाला जात होती, तेव्हा तो तिच्या डोक्यावर भिंतीला टांगलेला होता. आम्ही दर दिवाळीला सरकारला नावे ठेवली. पण चंद्रपूरला जाऊन कोणी साधी चौकशी केली नाही. मी तेव्हा शाळेत जाणारा पोर होतो, ही माझी सबब. घरातल्या थोरांची सबब मी शोधत नाही.

म्हणून वाचकांना सांगणे एवढेच. घरात म्हातारे माणूस असेल तर आजच बसून विचारा: पलटण कोणती, भरती कुठे, साल कोणते. जुनी पाकिटे, कुपने, फोटो टाकू नका. फोटोतल्या गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्टीवरही पलटणीचे नाव असते. नंबर मिळाला तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. पेन्शन खरोखरच चालू होती असे वाटत असेल तर तिच्या आदेशाचा क्रमांक शोधा; त्या हिशेबाचे मुख्य कार्यालय प्रयागराजला आहे. पूर्वज परतलाच नसेल तर समाधी आयोगाची सूची पाहा, आणि नाव पाच-सहा तऱ्हांनी लिहून पाहा. विधवा हयात असेल तर यातले काही करण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढा.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो आणि आजीला सगळे सांगितले. मदतीचे ऐकून तिने डोळ्याला पदर लावला. मग कुपनांची चळत मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली.

"म्हंजे हे पैशे सरकारचे नोहोत?"

"नाही आजी. त्यांचा पगार होता तो. त्यातलेच ते घरी पाठवत."

"तिकडं ब्रह्मदेशातून?"

"ब्रह्मदेशातून. शेवटचे बसऱ्याकडून."

तिने वरचे कुपन उलटून पाहिले, जणू मागे काही लिहिलेले असेल. मग म्हणाली, "सासूबाईले हे कोणी सांगतलं नाही. तिले वाटे, तो पलटनीत गेला अन् तिले विसरला. सरकारनं तेवढी आठवण ठेवली."

तसबिरीला मी नवा पुठ्ठा बसवला आहे. सागरहून आलेला कागद कुपनांबरोबर आत ठेवला आणि एक प्रत सांदुकीत, कोटाच्या खिशात. यंदाच्या दिवाळीत कोट उन्हात पडला, पण दावा निघाला नाही. आजीने कोट झटकला, पितळी गुंड्या राखेने घासल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारून सांगितले, "पाहा जी, आमचा बुढा बसऱ्याले गेला होता. कागद आहे."